भावजींची फूटपट्टी

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय, ‘मानसशास्त्र : शास्त्र की ज्याचं त्याचं मत?’ तीस वर्षं शिकवताना हा प्रश्न मला वर्गात, एसटीत, लग्नाच्या मांडवात सगळीकडे विचारला गेला. आधी घरचा प्रसंग सांगते.

माझे धाकटे दीर निवृत्त अभियंते. गणपतीत पंगत उठल्यावर म्हणाले, “वहिनी, मन ज्याचं त्याचं. त्याला फूटपट्टी कुठे लावणार?” मी स्केचपेनं मागवली. हिरव्या शाईत ‘लाल’ लिहिलं, लाल शाईत ‘निळा’, निळ्या शाईत ‘हिरवा’, असा अख्खा कागद भरला. म्हटलं, “भावजी, शब्द वाचू नका, फक्त शाईचा रंग सांगा.” तिसऱ्याच शब्दाला अडखळले. म्हणाले, “थांबा, आता नीट लक्ष देतो.” पुन्हा अडखळले. हसताय ना? तुमचंही तेच होणार आहे. मग त्यांची बालवाडीतली नात आली आणि घडाघडा सगळे रंग सांगून खेळायला पळाली. तिला अजून वाचता येत नाही! आपल्याला शब्द दिसला की तो वाचलाच जातो. न वाचणं आपल्या हातात उरत नाही.

जॉन रिडली स्ट्रूप यांनी हा प्रयोग १९३५ साली अमेरिकेत प्रसिद्ध केला. शंभर रंगीत चौकोनांचे रंग सांगायला सरासरी ६३ सेकंद लागले, फसव्या शब्दांच्या शाईचे सांगायला ११०. तिथले शब्द इंग्रजी, आमच्या ओसरीवरचे मराठी, अडखळणं तेच. दरवर्षी पहिल्या प्रात्यक्षिकाला मी हाच प्रयोग घ्यायचे. आता कितीतरी ठिकाणी मुलं मागच्या वर्षीचं जर्नल उतरवून काढतात, घड्याळ हातात धरतच नाहीत. याचं मला फार वाईट वाटतं. ज्यानं स्वतः मोजलं नाही, त्याला हा विषय गप्पांचाच वाटणार.

दहाच मिनिटं उरल्याची चिठ्ठी आली आहे, तेव्हा मुख्य मुद्दा भराभर सांगते.

अनुभव ज्याचा त्याचा असतो, हे भावजींचं म्हणणं खरंच आहे. पण म्हणून त्याचं मोजमाप बेभरवशाचं ठरत नाही. जर्मनीत हेर्मान एबिंगहाउस यांनी अर्थहीन अक्षरगट पाठ करून आपण किती वेळात किती विसरतो ते मोजलं, तेही फक्त स्वतःवर. १८८५ साली ते छापलं. याहून व्यक्तिनिष्ठ काय असेल? तरी २०१५ साली ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी तोच खटाटोप पुन्हा केला. एकाच माणसानं सुमारे ७० तास पाठांतर केलं आणि विस्मरणाचा आलेख बहुतांशी तसाच उतरला.

दुसरी बाजू लपवणार नाही. त्याच वर्षी मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिल्याचा अहवाल आला. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत ठोस परिणाम दिसला होता. फेरतपासणीत तो जेमतेम ३६ टक्क्यांत दिसला. स्मृती, अवधान अशा विषयांत निम्मे अभ्यास टिकले, सामाजिक मानसशास्त्रात चौथा हिस्साच. ही तपासणी मानसशास्त्रज्ञांनीच केली आणि आकडे स्वतःच जाहीर केले. म्हणून ‘मानसशास्त्र सांगतं’ असं कुणी म्हणालं की मी विचारते, यातलं नेमकं काय? पुन्हा करून कुणी पाहिलं?

चिठ्ठी पुन्हा आली. स्केचपेनं आणि घड्याळ मी आणलंय. ज्यांना शंका आहे त्यांनी आधी पुढे यावं, मग प्रश्न घेऊ.