जोतं आणि रस्ता

(लेआउटमधल्या समाजभवनात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय 'वाढतं नागपूर आणि आपली घरं'. गुंठेवारी, फ्लॅट स्कीम आणि पाणी, तिन्हींवर बोलायचं कबूल केलंय आणि बोलणार आहे. पण सुरुवात आमच्या घराच्या पायऱ्यांपासून करतो, कारण हे तिन्ही प्रश्न मला त्या पायऱ्यांवरच भेटले.

आमचं घर मानेवाड्याकडे. वडिलांनी सोसायटीचा प्लॉट घेतला, तीस बाय पन्नास, आपल्याकडचं ठरलेलं माप. समोर तूर उभी होती. १९८६ साली घर बांधलं तेव्हा मिस्त्री म्हणाला, "भाऊ, काळी माती आहे. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात फाटते. पाया खोल घ्या न् जोतं उंच ठेवा." म्हणून अंगणापासून व्हरांडा अडीच फूट वर. चढायला चार पायऱ्या. दिवाळीत आई चारही पायऱ्यांवर रांगोळी काढायची, प्रत्येकीवर वेगळी.

मग रस्ता आला. आम्ही पेढे वाटले, खोटं कशाला सांगू! आधी खडीकरण झालं. रस्ता अंगणाच्या वर आला, पावसाचं पाणी फाटकातून आत. वडिलांनी मुरमाच्या दोन ट्रिपा बोलावून अंगण भरलं. पहिली पायरी मुरमात गेली. मग डांबर. जुनं न उकरता डांबरावर डांबर, निवडणूक आली की आणखी एक थर. पुन्हा मुरूम, दुसरी पायरी गेली. आणि मग सिमेंट रोड. खाली कोरड्या काँक्रीटचा थर, वर आठ-नऊ इंचांचा स्लॅब, आणि हे सगळं जुन्या डांबराच्या डोक्यावर. उरलेल्या दोन्ही पायऱ्या एका उन्हाळ्यात गेल्या.

फाटक उघडेना. वेल्डरला बोलावून खालून पाच इंच कापलं. (इथे किती जणांनी फाटक कापलंय? हात वर करा. बघा, अर्धं सभागृह!) कापलेल्या फटीतून आता मांजर येते, आणि जुलैत पाणी.

मी अर्ज घेऊन ऑफिसात गेलो. साहेब सभ्य होते, चहा विचारला. म्हणाले, "काका, पुढच्या चौकाची लेव्हल आधीच वर आहे, ती जुळवावी लागते." मी म्हटलं, चौकाची लेव्हल कोणाशी जुळवली? म्हणाले, त्याच्या पुढच्या चौकाशी. मंडळी, त्या नकाशावर रस्त्याची लांबी होती, रुंदी होती, जाडी होती. रस्त्याकाठच्या एकाही घराचं जोतं नव्हतं. माझं सगळं म्हणणं या एका वाक्यात आहे.

शेजारच्या वहिनी आईला म्हणाल्या, "बरं झालं काकू, आता चढाउतरायचं नाही, गुडघे दुखणार नाहीत." आई म्हणाली, "पाण्याले कुठं गुडघे असतात जी?"

तेच झालं. २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट तुम्हाला आठवत असेल. चार तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीकाठची घरं पाण्यात गेली. आमच्याकडे नदी नाही, नाला नाही. तरी पाणी आधी मोरीतून वर आलं, मग व्हरांड्यातून. दिवाणखान्यात घोट्याइतकं. वडिलांची बँकेची जुनी पासबुकं आम्ही नंतर कूलरसमोर वाळवली.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. बरं, भरभर सांगतो.

गुंठेवारी. नागपुरात '५७२ लेआउट', '१९०० लेआउट' म्हटलं की फोड करून सांगावं लागत नाही. शेतीचे तुकडे पाडून, मंजुरी न घेता विकलेले हे प्लॉट. २००१ च्या गुंठेवारी कायद्यानं त्यांना नियमित व्हायची वाट मिळाली. आपण डिमांड, म्हणजे नियमित करायचे पैसे भरले, आरएल, म्हणजे नियमित झाल्याचं पत्र हातात आलं, पेढे पुन्हा वाटले. पण त्या कागदावर प्लॉटच्या चार बाजू आहेत, उंची कुठेच नाही. घर आधी आणि रस्ता, गडर लाइन (सांडपाण्याची) नंतर असा उलटा क्रम जिथे जिथे झाला, तिथे पाणी घरात शिरणारच. बेसा, बेलतरोडी, नरसाळ्याकडे नवी घरं बांधणाऱ्यांना मी हात जोडून सांगतो, आजचा रस्ता पाहून जोतं ठरवू नका.

फ्लॅट स्कीम. लोक म्हणतात मुलं पुण्याला गेली म्हणून म्हातारे घर बिल्डरला विकतात. तेही खरं. पण आमच्या गल्लीतली तीन घरं पाण्यानं विकली, हे मी जवळून पाहिलंय. बिल्डर खाली पार्किंग काढतो, त्याला रस्त्याच्या उंचीची फिकीर नाही. दोन स्कीमच्या मध्ये जे एकमजली घर उरतं, त्याचं अंगण म्हणजे आजूबाजूच्या सगळ्या पाण्याची टाकी.

आणि पाणी मुरायचं. सिमेंट रोडच्या कडेपासून कंपाउंडच्या भिंतीपर्यंत गट्टू, म्हणजे सिमेंटचे ठोकळे. वीतभर माती उघडी नाही. आमची विहीर मार्चपर्यंत टिकायची, आता संक्रांतीलाच तळ दिसतो, आणि एप्रिलपासून कूलरला पाणी तर लागतंच.

मागणी एवढीच. नवा रस्ता टाकण्याआधी जुना थर उकरून काढा. नकाशावर दोन्ही बाजूंच्या घरांची जोती मांडा आणि रस्ता त्यांच्या खाली ठेवा. कडेला दोन फूट माती सोडा. याचा अर्ज मी लिहून आणलाय. पण सह्यांबरोबर मापं हवीत, नाहीतर साहेब पुन्हा चौक दाखवतील. उद्या सकाळी जोत्यापासून रस्त्यापर्यंत टेप लावा, आणि ते माप भिंतीवर तारखेसह ऑइलपेंटनं लिहा. टेप नसेल त्यांनी माझा न्या, तो इथे टेबलावर ठेवतोय.