नळ स्टॉप ओलांडताना

नमस्कार. बोलावणं द्यायला आलेले काका म्हणाले, "पर्यावरणावर बोला." मी म्हटलं, पर्यावरणावर माझ्यापेक्षा चांगलं बोलणारी खूप माणसं पुण्यात आहेत. आमच्या घरात गाडी नाही, स्कूटरही नाही. चार सायकली आहेत आणि पाच माणसं आहेत. अकरा वर्षं झाली. ते कसं चालतं आणि कुठे अडतं, तेवढं मला सांगता येईल.

आधी अंतरं सांगते, कारण बाकी सगळं त्यांच्यावर अवलंबून आहे. आम्ही कोथरूडला, कर्वे पुतळ्याच्या अलीकडे राहतो. माझं ऑफिस नारायण पेठेत आहे, पाच किलोमीटरच्या आत. नवऱ्याचं सेनापती बापट रस्त्यावर. अंतर जवळपास तेवढंच, पण शेवटी चांगला चढ आहे. मुलांची शाळा एरंडवण्यात, तीन किलोमीटर. किराणा, भाजी, गिरणी, दवाखाना, वाचनालय सगळं एका किलोमीटरच्या परिघात. साधी सायकल रमतगमत चालवली तरी तासाला बारा किलोमीटर जाते, म्हणजे मला ऑफिसला पोचायला पंचवीस मिनिटं लागतात. ही पंचवीस मिनिटं सोमवारी असतात आणि गणपतीच्या आदल्या दिवशीही असतात. शेजारचे गाडीने पेठेत जातात. त्यांना कधी वीस मिनिटं लागतात तर कधी पन्नास, आणि पुढे गाडी लावायला जागा शोधायची ती वेगळीच.

हे आपोआप जमून आलेलं नाही. घर घेताना आम्हाला भूगावच्या बाजूला याच पैशात एक खोली जास्त मिळत होती, वर पार्किंगही. दोन रात्री आम्ही कागद घेऊन बसलो. तिकडे घर घेतलं तर गाडी घ्यावीच लागणार होती. मग तिचे हप्ते, पेट्रोल, विमा, सर्व्हिसिंग. ते सगळे पैसे आम्ही लहान घराच्या महाग जागेत घातले. आज आमच्याकडे माणसांच्या मानाने खोल्या कमी आहेत, पाहुणे आले की गाद्या हॉलमध्ये पडतात. पण हे सगळ्यांना जमणार नाही, हेही मला माहीत आहे. जो नऱ्ह्यात राहतो आणि हिंजवडीत नोकरी करतो, त्याला मी सायकल घ्या म्हणून सांगणार नाही. त्याचा प्रश्न बसचा आहे, मेट्रोचा आहे, आणि शहर असं लांबच लांब पसरू का दिलं, याचा आहे.

घरातली कामं कशी होतात, हे लोक नेहमी विचारतात. दळणाचं उदाहरण घ्या. दहा किलो गहू स्टीलच्या डब्यात घालून कॅरिअरवर आडवा ठेवायचा. दोरीने बांधला तर पहिल्याच गतिरोधकाला सरकतो, म्हणून जुन्या ट्यूबची लांब पट्टी कापून ठेवली आहे. ती ताणून दोनदा फिरवायची आणि गाठ न मारता टोक खाली खोचायचं. रबर रबराला धरतं, डबा हलत नाही. येताना पीठ गरम असतं आणि पाठीला त्याची ऊब लागते. धाकटा लहान होता तेव्हा तो डबा कवटाळून मागे बसायचा. थंडीत ती त्याची हक्काची जागा होती.

पंक्चर आता घरीच काढतो. बादलीत पाणी घ्यायचं, ट्यूबमध्ये थोडी हवा भरून ती वीत वीत पाण्यात दाबत जायची, बुडबुडे येतील तिथे पेनने खूण करायची. पुसून, पॉलिश पेपरने घासून सोल्युशन लावायचं. मग थांबायचं, आणि सगळ्यांचं चुकतं ते इथेच. सोल्युशन ओलं असताना ठिगळ लावलं तर ते दुसऱ्या दिवशी सुटतं. बोटाला चिकटेनासं झालं की मग लावायचं. आणि टायरच्या आतून बोट फिरवून काच किंवा काटा अजून रुतलेला तर नाही ना, ते बघायचं. हे मी कोपऱ्यावरच्या सायकलवाल्या काकांकडून शिकले. चाक आऊट झालं किंवा छर्रे बदलायचे असले की आजही त्यांच्याचकडे जाते. असे दुकानदार आता कमी होत चाललेत. त्यांची मुलं या धंद्यात येत नाहीत. आमचं घर या काकांच्या हातावर चाललंय, असं मी अगदी मनापासून म्हणते.

पावसाळ्याचं म्हणाल, तर पावसापेक्षा पाण्याखाली न दिसणारा खड्डा वाईट. मी डेक्कनहून भिडे पुलावरून पेठेत उतरते. खडकवासल्यातून पाणी सोडलं की हा पूल पाण्याखाली जातो, मग लकडी पुलावरून जायचं. ऑफिसात कपड्यांचा एक जोड कायम ठेवलेला असतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आठवड्यातून एखाद्या दिवशी मी बसने जाते आणि त्यात मला काही कमीपणा वाटत नाही. रात्री कुणाला ताप चढला की रिक्षा. लग्न हडपसरला असलं की रिक्षा नाहीतर बस. गावाला एसटी. वर्षभराचा रिक्षाचा खर्च आम्ही लिहून ठेवतो. तो गाडीच्या नुसत्या विम्याच्या आणि सर्व्हिसिंगच्या आसपास येतो.

आता सासूबाईंबद्दल. आई पंचाहत्तर वर्षांच्या आहेत. माहेर शुक्रवार पेठेतलं. पानशेत धरण फुटलं त्याच्या पुढच्या वर्षी, म्हणजे १९६२ साली, त्या तासावर भाड्याने आणलेल्या सायकलवर शिकल्या. नळीची मोठी सायकल, नळीखालून पाय घालून. पुढे त्यांना लेडीज सायकल मिळाली. मागच्या चाकाला जाळी बांधलेली होती, पातळ अडकू नये म्हणून. शाळेला हुजूरपागेत त्या एकट्या जायच्या, बाराव्या वर्षापासून. तेव्हा सायकलला महापालिकेचा बिल्ला लागायचा. संध्याकाळी दिवा नसला किंवा डबलसीट दिसलं की पोलीस चाकातली हवा सोडून द्यायचा. आई सांगतात, एकदा त्या आणि मैत्रीण हवा गेलेली सायकल ढकलत मंडईपासून घरापर्यंत आल्या आणि उशीर का झाला हे कुणीच घरी सांगितलं नाही. मी त्यांना विचारलं, भीती नाही वाटली का एवढ्या लहान वयात? त्यांना प्रश्नच कळला नाही. "भीती कशाची?" म्हणाल्या. "सगळ्याच पोरी जायच्या."

पुणं तेव्हा सायकलींचं शहर होतं. २०१८ मध्ये बातमी आली की पुण्यातल्या वाहनांची संख्या माणसांपेक्षा जास्त झाली. हे दोन्ही एकाच बाईच्या आयुष्यात घडलं. तिची नात तिच्यापेक्षा भित्री नाही. बदलला तो रस्ता.

मला आज खरं बोलायचंय ते यावर. आमच्या घरून शाळेत जायचं तर मयूर कॉलनीच्या आतल्या गल्ल्यांनी बरंचसं अंतर शांतपणे काटता येतं. पण कर्वे रस्ता कुठेतरी ओलांडावाच लागतो आणि आम्ही तो नळ स्टॉपला ओलांडतो. तुम्ही सगळ्यांनी तो चौक पाहिलाय. खाली रस्ता, वर उड्डाणपूल, त्याच्यावर मेट्रो. पुलावरून उतरलेली गाडी वेगात असते, लॉ कॉलेज रस्त्याकडून आलेली वळण्याच्या घाईत, आणि डावीकडे वळणाऱ्याला आपल्याला लाल दिवा लागू होतो असं वाटतच नाही. तीन किलोमीटरच्या वाटेतला हा शंभर मीटरचा तुकडा. मुलांना शाळेत सोडायला जाणाऱ्या आया या शंभर मीटरसाठी स्कूटर काढतात. त्यांच्या स्कूटरींनी तो चौक आणखी भरतो, म्हणून आणखी आया स्कूटर काढतात. मी त्यांना दोष देत नाही. मीही पाच वर्षं लेकीच्या मागे मागे जात होतेच.

सहावीत गेल्यावर ती म्हणाली, मी एकटी जाणार. नवरा म्हणाला, अजून एक वर्ष थांबू. आई काही बोलल्या नाहीत, नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग आम्ही शिकवणी सुरू केली. चार रविवार, सकाळी साडेसहाला, रस्ता रिकामा असताना. नंतर शाळेच्या वेळेला, मी पन्नास मीटर मागे. चौकात उतरायचं आणि सायकल हातात धरून, पायी चालणाऱ्यांबरोबर ओलांडायचं. गाडीचा इंडिकेटर बघायचा नाही, पुढचं चाक बघायचं. इंडिकेटर खोटं बोलू शकतो, चाक वळल्याशिवाय गाडी वळत नाही. उभ्या गाडीच्या अगदी कडेने कधी जायचं नाही, एक हात अंतर ठेवायचं. हे शेवटचं मी माझ्या अनुभवातून शिकवलं. गल्लीत उभ्या असलेल्या एका गाडीचं दार अचानक उघडलं आणि माझं मनगट सहा आठवडे प्लास्टरमध्ये होतं. त्या माणसाने मला उठवलं, दवाखान्यात नेलं, हात जोडून माफी मागितली. चांगला माणूस होता. दार उघडताना मागे बघायचं असतं, हे त्याला कुणी कधी शिकवलंच नव्हतं.

जुलैतल्या एका सोमवारी ती एकटी निघाली. मी तिच्या आधी दहा मिनिटं जाऊन नळ स्टॉपच्या पलीकडे मेट्रोच्या खांबाआड उभी राहिले. ती आली. उतरली. दिवा बदलला तशी चार-पाच माणसांबरोबर चालू लागली. डावीकडून एक टेम्पो वळला, न थांबता. ती थांबली, हात पुढे केला, आणि मान खाली घालून चाकाकडे बघत राहिली. टेम्पो गेला. मग तिने उरलेला रस्ता ओलांडला, सायकलवर बसली आणि पुढे कुणी नसताना दोनदा घंटी वाजवली. मी तिथे होते हे तिला कळलं होतं का, हे मी तिला आजवर विचारलेलं नाही.

त्या दिवसापासून आमच्या घरात बरंच बदललं. ती वाचनालयात एकटी जायला लागली, मैत्रिणीकडे, पोहायला. तिला कुठे जायचंय म्हणून आमच्यापैकी कुणाला मोकळं व्हावं लागत नाही. आमच्या इमारतीतली तिच्या वयाची मुलं कुणी नेईल तेव्हाच जातात. चांगल्या घरातली, प्रेमाने वाढवलेली मुलं आहेत ती, आणि चौदाव्या वर्षी त्यांना दोन किलोमीटरवर जायला मोठं माणूस लागतं. मला याचं फार वाईट वाटतं.

सायकलींसाठी नेदरलँड्सचं नाव घेतलं की लोक म्हणतात, तिकडचं वेगळं आहे. पण तिकडेही एकेकाळी रस्ते गाड्यांनी भरलेलेच होते. १९७१ साली त्या छोट्या देशात रस्त्यावर तीन हजारांहून जास्त माणसं मेली, त्यांत चारशेच्या वर मुलं होती. त्यानंतर आईबाप रस्त्यावर उतरले. त्यांच्या चळवळीचं नावच 'मुलांची हत्या थांबवा' असं होतं. १९७३ साली तेलाचा तुटवडा आला आणि रविवारी गाड्या बंद झाल्या, तेव्हा मुलं मोठ्या रस्त्यांवर खेळली. आजचे तिथले सायकल मार्ग त्यानंतर वर्षानुवर्षं लढून झालेले आहेत.

आपल्याकडे काहीच झालं नाही असंही नाही. २००६ साली स्वारगेट-कात्रज रस्त्यावर बीआरटी, म्हणजे बससाठी वेगळी मार्गिका, आली तेव्हा शेजारी सायकल ट्रॅक आखले गेले. २०१७ साली शहराचा सायकल आराखडा मंजूर झाला. जंगली महाराज रस्त्यावर रुंद पदपथाबरोबर सायकलीसाठी जागा काढली. पण आपले ट्रॅक चौक आला की संपतात आणि चौक ओलांडल्यावर पुन्हा सुरू होतात. सायकलवाल्याचा जीव चौकातच धोक्यात असतो. मधल्या सरळ रस्त्यावर मला रंगवलेला पट्टा नसला तरी चालेल. नळ स्टॉपला पादचाऱ्यांचा दिवा चालू असताना डावी वळणं पूर्ण बंद ठेवा, एवढीच माझी मागणी आहे. दिवसातून शाळेच्या वेळेला दोन तास ठेवलीत तरी पुष्कळ.

ही मागणी फक्त माझ्या मुलीसाठी आहे असं कुणी समजू नये. पहाटे पाचला कर्वे रस्त्यावर या. पेपर टाकणारी मुलं, रात्रपाळी संपवून निघालेले वॉचमन, बांधकामावरचे मजूर, सगळे सायकलवर असतात. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचं दुकान काढलं तेव्हा सायकल ही पैसेवाल्यांची चीज होती, लोक ती चालवायला शिकवणी लावायचे. आता ती ज्याला दुसरं वाहन परवडत नाही त्याची झाली, म्हणून तिच्यासाठी कुणी भांडत नाही. मला नातेवाइकांनी पहिली तीन-चार वर्षं हळूच विचारलं, घरात सगळं ठीक आहे ना? मी सांगते, ठीक आहे. त्या वॉचमनला मात्र कुणी विचारतही नाही की तुम्ही चौक कसा ओलांडता.

वेळ झालाय, मला समोरून खूण करतायत. एकच सांगते. माझा धाकटा पुढच्या वर्षी पाचवीत जाईल. त्याची शिकवणी येत्या रविवारपासून सुरू होतेय, कर्वे पुतळ्यापाशी, सकाळी साडेसहाला. ज्यांना आपल्या मुलांचा शाळेचा रस्ता तपासून बघायचाय, त्यांनी या. प्रत्येक मुलाची शाळा वेगळी, त्यामुळे चौकही वेगळा असेल, पण एकेक करून सगळे करू. दर रविवारी एक. मी वही घेऊन येते, कुठला दिवा किती सेकंद चालतो आणि किती गाड्या न थांबता वळतात ते लिहायला. मुलांचे ब्रेक आदल्या दिवशी तपासा. आणि हवा शनिवारीच भरून ठेवा, रविवारी सकाळी दुकानं उघडलेली नसतात.