नागपूरचे हात, पाल्प्याची टाकी

[दृश्य: थापी, जाळी, ओला माल. मूळ आवाज तसाच ठेवावा.]

थापीवर घेतलेला सिमेंटचा माल टाकीच्या जाळीवर मारला, की तो तिथेच बसला पाहिजे. ओघळला तर पुन्हा मारायचा. ही मुलगी नागपूरची, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. थापी तिने पहिल्यांदाच हातात धरली आहे. शेजारी उभे आहेत ते इथले मिस्त्री. मुलं त्यांना दाजू, म्हणजे दादा, म्हणतात. दाजू फार बोलत नाहीत. ‘बिस्तारै, बहिनी,’ म्हणजे ‘सावकाश, बहिणी,’ एवढंच म्हणतात आणि स्वतः एक हात मारून दाखवतात.

[दृश्य: डोंगराची धार, शाळेचं पत्र्याचं छप्पर, खाली दरी.]

नेपाळच्या पाल्पा जिल्ह्यातलं हे गाव डोंगराच्या अगदी धारेवर वसलं आहे. पाऊस भरपूर, पण तो जून ते सप्टेंबर. आणि पडलेलं पाणी उतारावर थांबत नाही. झरे खाली, वस्ती वर. उन्हाळ्यात झऱ्याची धार करंगळीएवढी होते. शाळेतली पोरं घरून बाटली आणतात, ती दुपारच्या आत संपते. म्हणून शाळेने टाकी मागितली. मागणी गावाची होती, हे आम्ही मुद्दाम सांगतो आहोत. बाहेरून येऊन भिंतींना रंग लावायचा, फोटो काढायचे आणि निघून जायचं, अशा सेवेने गावाचं काहीच भागत नाही.

[दृश्य: नागपूर. हिस्लॉप कॉलेजचं आवार, मग सीताबर्डी.]

नागपूरने सेवेचा हा प्रवास उलट्या दिशेने पाहिला आहे. १८४५ साली स्टीफन हिस्लॉप स्कॉटलंडहून इथे आले. त्यांनी शाळा काढली, या मातीतले दगड आणि जीवाश्म अभ्यासले, गोंडांच्या कथा लिहून घेतल्या. १८६३ मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना ते नाल्याच्या पुरात बुडाले. त्यांच्या नावाचं कॉलेज १८८३ पासून उभं आहे. सीताबर्डीचं मूर मेमोरियल हॉस्पिटल १८९६ चं. दुरून आलेल्या माणसांनी उभारलेल्या शाळा-दवाखान्यांत या शहराच्या किती पिढ्या शिकल्या, किती जन्मल्या! आता इथल्याच चर्चच्या मंडळ्यांमधली कॉलेजची मुलं दुसऱ्या देशात निघाली आहेत. खर्च त्यांनीच उभा केला: नाताळच्या आधी घरोघर गाणी गायली, केक विकले.

[दृश्य: गोरखपूर स्टेशन, मग थेट घाटरस्ता.]

मे महिना, नागपूर पंचेचाळीस अंशांवर. राप्तीसागर एक्सप्रेसने गोरखपूर, सुनौलीला सीमा, बुटवलनंतर चढण. भारतीयांना इथे व्हिसा लागत नाही, मतदार ओळखपत्र चालतं. घड्याळ तेवढं पंधरा मिनिटं पुढे करायचं. वाटेत तानसेन लागतं; तिथलं मिशन हॉस्पिटल १९५४ पासून या डोंगरांची सेवा करत आहे.

[दृश्य: पाया, सळ्या, जाळी, वाळू चाळणं. हा भाग लांब ठेवावा.]

आता काम पाहा. ही फेरोसिमेंटची, म्हणजे सळ्या-जाळीवर सिमेंटचे पातळ थर दिलेली टाकी, साडेसहा हजार लिटरची. विटा नाहीत, जाड भिंत नाही. आधी दगड भरून धुमसाने ठोकून घेतले, वर काँक्रीटचा गोल तळ ओतला. तळातून निघालेल्या उभ्या सळ्यांना आडव्या सळ्यांची कडी बांधली आणि त्या सांगाड्यावर आतून-बाहेरून चिकन मेश, म्हणजे बारीक तारेची जाळी, ताणली. प्रत्येक सांध्यावर तारेचा पीळ. हा पीळ ढिला राहिला, तर जाळी फुगते आणि तिथेच पुढे तडा जातो. म्हणून दाजू बोटाने दाबत फिरतात आणि जिथे जाळी हलते तिथे बोट टेकवून नुसतं बघतात. मुलं पक्कड घेऊन धावतात.

वाळू तीनदा चाळली. सिमेंट एक, वाळू तीन, पाणी बेताचं. माल मुठीत दाबला तर त्याचा गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी निघू नये. बाहेरून गोणपाट घट्ट बांधलं आणि आतून पहिला थर मारला. तो थर आवळल्यावर गोणपाट सोडून बाहेरचा थर. आत एका वेळी दोघंच मावतात. घमेली वरून हातोहात खाली जातात, आणि थर पुरा होईपर्यंत कुणाला थांबता येत नाही, कारण अर्ध्यावर सोडलेला सांधा हमखास पाझरतो.

[दृश्य: शिडीवरून खाली उतरणारी मुलगी, तिचे हात. इथे निवेदन नाही.]

मग क्युरिंग, म्हणजे सिमेंट ओलं ठेवून पक्कं होऊ देणं. ओली गोणपाटं भिंतीवर लपेटून दिवसभर शिंपडायचं. ज्या गावात पाण्याचीच ओढ, तिथे हे पाणी झऱ्यावरूनच आणायचं होतं. मुलांनी पाण्याची भांडी डोकोत ठेवून वाहिली. बांबूच्या या टोपलीचा पट्टा कपाळावर येतो आणि सगळा भार मानेवर. गावातल्या बायका हे रोज करतात.

[दृश्य: शनिवारची उपासना.]

नेपाळमध्ये आठवड्याची सुट्टी शनिवारी, म्हणून चर्चही शनिवारीच भरतं. चपला दाराशी, सगळे जमिनीवर. नागपूरच्या मुलांनी मराठी भजन म्हटलं, गावकऱ्यांनी मादल या नेपाळी ढोलकीवर ठेका धरला. नेपाळच्या २०१५ च्या संविधानाप्रमाणे दुसऱ्याचं धर्मांतर करायला मनाई आहे. मुलांनी पत्रकं वाटली नाहीत, प्रवचनं दिली नाहीत. प्रभू येशूने शिष्यांचे पाय धुतले तेव्हा त्यांच्याकडून काही मागितलं नव्हतं, हे पाळकांनी नागपुरात निघतानाच सांगितलं होतं. आम्हाला मिशनचा हाच अर्थ खरा वाटतो.

[दृश्य: पन्हाळ, पाइप, पहिल्या पावसाचं पाणी बाहेर टाकणारी तोटी.]

हिशेब सोपा आहे. शंभर चौरस मीटर पत्र्यावर एक मिलिमीटर पाऊस पडला, की शंभर लिटर पाणी. थोडं उडतं, थोडं सांडतं, तरी बहुतेक टाकीत येतं. पहिल्या सरीत पत्र्यावरची धूळ आणि पक्ष्यांची घाण असते, म्हणून ते पाणी तोटी उघडून सोडून द्यायचं. ही तोटी उघडायचं काम सातवीच्या वर्गाने घेतलं आहे.

श्रावणात टाकी भरली. शाळेत आता हात धुवायला पाणी आहे.

[दृश्य: नागपुरातलं अंगण, उभी केलेली जाळी, नवी मुलं.]

पलीकडच्या धारेवरच्या शाळेनेही टाकी मागितली आहे. दाजूंनी फोनवर एकच अट घातली: येणाऱ्यांनी माल मारायला शिकूनच यावं. त्यामुळे पुढच्या तुकडीचा सराव रविवारच्या उपासनेनंतर इथे अंगणात चालतो. शिकवते आहे तीच बी.कॉम.ची ताई.