भिंतीबाहेरची माणसं

मंडळी, गुलाबाकडे नंतर जाऊ. आधी भिंतीपाशी थांबू या, कारण कवीही तिथंच रेंगाळलाय.

काव्य फ्रेंच, ‘रोमां द ला रोझ’, म्हणजे गुलाबाची कथा. गियोम द लोरिसनं ते १२३०च्या सुमारास लिहायला घेतलं. विसाव्या वर्षातल्या एका तरुणाला स्वप्न पडतं: मे महिना, नदीकाठ आणि उंच भिंतीआडची बाग. भिंतीला बाहेरच्या अंगानं चित्रं आहेत. द्वेष, लोभ, मत्सर, म्हातारपण, ढोंग, गरिबी, अशी बागेत ज्यांना मज्जाव आहे ती सगळी, बायकांच्या रूपात. म्हणजे गंमत बघा, गोष्ट सुरू होते न होते तोच चित्रांचं वर्णन आलं. पुढं ज्या ज्या चित्रकारानं हे पुस्तक हाती घेतलं, त्याला चित्रातलं चित्र काढणं आलंच.

आणि वर्णन मोघम नाही बरं का. कंजुषीचे कपडे शेजारी दांडीवर टांगलेत. हातातल्या थैलीची गाठ इतकी करकचून मारलीय, की पैसा काढायचा म्हटला तर बराच वेळ जावा. ढोंगाच्या हाती स्तोत्रांची पोथी. जुन्या हस्तलिखितांतल्या रंगाऱ्यांना या बायका फार मानवल्या. भिंतीवरची चित्रं न वाटता त्या बऱ्याचदा जित्याजागत्या, समोर बसलेल्याच दिसतात. आज या काव्याची तीनशेच्या आसपास हस्तलिखितं शिल्लक आहेत आणि त्यांतली पुष्कळशी सचित्र आहेत.

लोरिसचं काव्य चार हजारांवर ओळी होऊन अर्धवट राहिलं. चाळीसेक वर्षांनी जाँ द मनं त्यात आणखी सतरा हजारांहून जास्त ओळी घातल्या. सूरच पालटला. वाद, टोमणे, बायकांवर तोंडसुख. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला क्रिस्तीन द पिझाँ या लेखिकेनं त्यावर जाहीर भांडण काढलं, आणि ठीकच केलं.

आता एकदम १८९६. इंग्लंडात विल्यम मॉरिसच्या केल्मस्कॉट छापखान्यातून चौदाव्या शतकातल्या चॉसर या इंग्रजी कवीचं जाडजूड पुस्तक बाहेर पडलं. त्यात या काव्याचा जुना इंग्रजी अवतारही आहे. पुस्तकात चित्रकार एडवर्ड बर्न-जोन्सची सत्त्याऐंशी चित्रं आहेत. ती कागदावर कशी आली, ते ऐका. बर्न-जोन्स पेन्सिलीनं हळुवार, धूसर काढायचा. लाकडात धूसर कसं कोरणार? म्हणून त्या चित्राचा फिकट फोटो छापायचा, त्यावर कॅटरसन-स्मिथ या दुसऱ्या चित्रकारानं शाईची ठाम रेघ ओढायची, बर्न-जोन्सनं ती तपासायची, मग ते चित्र फोटोनं लाकडी ठोकळ्यावर उतरवायचं आणि हूपरनं कोरायचं. इतक्या हातांतून जाऊनही रेघ बर्न-जोन्सचीच वाटते, याचं मला अजून नवल वाटतं.

पण तक्रारही आहे. तो इंग्रजी अवतार साडेसात हजार ओळींच्या थोडा पुढं जाऊन थांबतो, आणि त्यातही चॉसरचा म्हणून बहुतेक अभ्यासक मानतात तो पहिला सतराशे ओळींचा तुकडाच. जाँ द मनचा बराचसा तिखटपणा मुळात पानावरच नाही. त्यात बर्न-जोन्सचा स्वभाव सोवळा. चॉसरच्या चावट कथांना त्यानं चित्रं काढलीच नाहीत, मॉरिसची इच्छा असूनही. १९०८ साली कीथ हेंडरसन आणि नॉर्मन विल्किन्सन यांनी रंगीत चित्रं केली, तीही याच इंग्रजी पाठासाठी. अशानं इंग्रजी वाचकाच्या मनात हे काव्य म्हणजे कारंजं, हिरवळ आणि झोपेतून नुकत्याच उठल्यासारख्या उंच बायका, एवढंच उरलं. दिसायला सुंदर, पण भांडण कुठाय?

म्हणून जुनी प्रत हाती आली की मी गुलाबाचं पान आधी उघडत नाही. गरिबी शोधतो. कवीनं तिला बाकीच्यांपासून जरा लांब ठेवलीय. अंगावर जुनं पोतं, आणि कोपऱ्यात अंग चोरून बसलीय, भिकार कुत्र्यासारखी. चित्रकारानं तो कोपरा काढलाय की तिला ओळीत नीट बसवून टाकलीय, तेवढं बघतो. मग पान उलटतो.