फाईल कुठे असते आणि कधी लिहून होते

मंडळी, विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नसलेल्या जुन्या संगणकाला विंडोज ११ अधिकृतपणे मिळत नाही. आंब्याच्या पेट्यांचा हिशेब, दुकानाची बिलं, पतपेढीची पत्रं एवढंच काम असेल, तर अशा संगणकावर विंडोजऐवजी उबुंटू किंवा लिनक्स मिंट ही लिनक्स प्रणाली घालावी असं माझं स्पष्ट मत आहे. फक्त काही सवयी मोडाव्या लागतात.

पहिली तक्रार माउसची येते: बाण पळतो, नाहीतर जड वाटतो. हात जोरात हलवला की बाण जास्तच धावतो, याला अ‍ॅक्सिलरेशन म्हणतात. त्याचं गणित विंडोज आणि लिनक्समध्ये वेगळं आहे. सेटिंगमध्ये वेगाची पट्टी सरकवा, नाहीच जमलं तर अ‍ॅक्सिलरेशन बंद करा. हे चार दिवसांत अंगवळणी पडतं.

चाकाचं मात्र तसं नाही. लिनक्समध्ये मजकूर नुसता निवडला तरी तो लक्षात ठेवला जातो आणि माउसचं चाक दाबलं की तिथे उमटतो. लांब पत्र खाली सरकवताना चाकावर बोट जड पडलं, तर मधेच दुसरा मजकूर घुसतो आणि कळतही नाही. लगेच दिसलं तर कंट्रोल-झेड. उबुंटूत ट्वीक्स नावाचा प्रोग्राम घालून ही सोय बंद करता येते.

आता फाईली. इथे सी, डी असे ड्राइव्ह नसतात. तुमचं सगळं होम फोल्डरमध्ये असतं आणि पेनड्राइव्ह डावीकडच्या यादीत दिसतो. इंग्रजी नावातलं पहिलं अक्षर एकदा मोठं आणि एकदा लहान लिहिलंत, तर त्या दोन वेगळ्या फाईली होतात. पेनड्राइव्ह मात्र सहसा हा फरक मानत नाही, म्हणून त्या दोन्ही त्यावर टाकायला गेलात, की एक दुसरीवर चढवायची का असं विचारलं जातं. घाईत ‘हो’ म्हटलं की एक गेली.

सर्वांत जास्त नुकसान पेनड्राइव्हवर होतं. कॉपीची पट्टी भरली म्हणजे काम झालं असं नाही. लिनक्स माहिती आधी रॅममध्ये, म्हणजे संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीत घेतो, मग सावकाश पेनड्राइव्हवर उतरवतो. विंडोज १० मध्ये २०१८ च्या अखेरीपासून पेनड्राइव्ह पटकन काढता येईल अशीच मूळ सेटिंग असते, त्यामुळे थेट उपसायची सवय लागलेली असते. इथे नावाशेजारचं इजेक्टचं बटण दाबा आणि काढायला हरकत नाही असा संदेश येईपर्यंत थांबा. पावसाळ्यात आपल्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून मोठी कॉपी झाल्यावर इजेक्ट लांबवू नका.

फाईली डिलीट करूनही पेनड्राइव्ह भरलेलाच दिसतो, तेही इथेच. त्या पेनड्राइव्हवरच्याच एका लपलेल्या कचरा-फोल्डरमध्ये जातात. पेनड्राइव्ह लावलेला असतानाच ट्रॅश रिकामा करा. लपलेलं पाहायला कंट्रोल-एच.

दोन्ही प्रणाली एकाच संगणकावर ठेवल्यात, तर विंडोजचा भाग कधीकधी नुसता वाचता येतो, त्यात लिहिता येत नाही. फास्ट स्टार्टअपमुळे विंडोज शट डाउन करूनही अर्धवट झोपलेलं असतं. कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ते बंद करा.

मराठी नावांची अडचण तर फारसं कुणी सांगतच नाही. लिनक्सच्या नेहमीच्या डिस्कवर एका नावाला २५५ बाइटची (बाइट म्हणजे साठवणीचं माप) मर्यादा असते आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. ‘रत्नागिरी’त डोळ्याला चार अक्षरं दिसतात, संगणक काना, वेलांटी, हलन्त धरून नऊ चिन्हं मोजतो, म्हणजे २७ बाइट. साधारण ८५ चिन्हांत नाव संपलं पाहिजे. विंडोजची मर्यादा २५५ चिन्हांची, म्हणून तिथे चाललेली ‘नुकसानभरपाई अर्ज, सातबारा उताऱ्यासह…’ अशी लांबलचक नावं इथे कॉपी होताना अडतात. विंडोज चालू आहे तोवरच ती आखूड करून घ्या.