दहा हजारांचा जामीन

(‘केसरी’चे जुने अंक, जवळून. तपकिरी पडलेल्या कडा.)

जानेवारी १८८१मध्ये ‘केसरी’ निघाला. संपादक गोपाळ गणेश आगरकर. जोडीचा इंग्रजी ‘मराठा’ बळवंतराव टिळकांकडे. वर्ष उलटतं न उलटतं तोच दोघांनी कोल्हापूरचं प्रकरण हाती घेतलं.

(कोल्हापूर, जुना राजवाडा.)

गादीवर चौथे शिवाजी महाराज. वय विशीच्या आतलं. सरकारनं त्यांना वेडे ठरवलेलं, आणि कारभार माधवराव बर्व्यांच्या हाती. महाराजांचा छळ चाललाय, त्यात बर्व्यांचं अंग आहे, असं दोन्ही पत्रांनी छापलं. भिस्त हाती आलेल्या काही चिठ्ठ्यांवर. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद ठोकली.

(पुणे, फुले वाडा. अंगण, विहीर.)

आता जामीन कोण राहणार? आरोपी म्हणजे पंचविशीतले दोन मास्तर. रक्कम दहा हजार रुपये, तीही १८८२ सालची! जोतीराव फुल्यांनी शब्द टाकला आणि सत्यशोधक रामशेठ बापूशेठ उरवणे पुढे आले. ‘केसरी’च्या संस्थापकांपैकीच एक विष्णुशास्त्री चिपळूणकर. त्यांनी ‘निबंधमाले’त फुल्यांची यथेच्छ टवाळी केली होती. फुल्यांनी ते आड येऊ दिलं नाही. टिळकांच्या तुरुंगवासाची गोष्ट शाळेत सगळ्यांनी ऐकलेली असते. जामीनदाराचं नाव विचारून बघा. उरवण्यांची तसबीर आमच्याकडे नाही, म्हणून नावच पडद्यावर मोठ्या अक्षरांत देतोय.

(पडद्यावर: रामशेठ बापूशेठ उरवणे.)

चिठ्ठ्या बनावट निघाल्या. संपादकांनी माफी मागितली, तरी बर्वे मागे हटले नाहीत. १७ जुलै १८८२. चार महिने साधी कैद.

(मुंबई, डोंगरी. तुरुंगाची दगडी भिंत, बाहेरची वर्दळ.)

हाच तो डोंगरीचा तुरुंग. आज इथे बालगृह आहे, त्यामुळे कॅमेरा भिंतीबाहेरच थांबला. आत दोघांचे राजकारण आधी की समाजसुधारणा, यावर वाद रंगायचे. आगरकरांनी शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चं भाषांतर इथेच पुढे नेलं. टिळक चोवीस पौंडांनी उतरले. शिक्षेत सूट मिळून १०१ दिवसांनी, २६ ऑक्टोबरला, दोघे सुटले. दाराशी गर्दी लोटली होती. सत्कार करणाऱ्यांत सत्यशोधक होतेच.

(अहमदनगरचा किल्ला, खंदक.)

ज्यांच्यासाठी हे सगळं घडलं ते शिवाजी महाराज पुढच्याच वर्षी, २५ डिसेंबर १८८३ला, या किल्ल्यात नजरकैदेत असताना गोऱ्या पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीत गेले.