मुंग्या मारू नका, जेवायला घाला

नमस्कार मंडळी. उन्हाळा लागला की आपल्या सोलापुरात घरोघरी एकच तक्रार, "मुंग्या कुठनं यायलेत ओ, कळंना झालंय!" साखरेच्या डब्यात मुंग्या, माठाच्या तिवईवर मुंग्या, शेंगा चटणीच्या बरणीच्या झाकणाखाली मुंग्या. मग घरातलं कुणीतरी स्प्रे उचलतं, फुस्स करून अख्खी रांग आडवी करतं आणि केर भरून मोकळं होतं. दोन-तीन दिवसांनी रांग परत हजर. या वेळी देवघराकडून.

माझं म्हणणं सरळ आहे. दिसलेली मुंगी मारू नका, तिला पोटभर खायला घाला.

का, ते सांगतो. भिंतीवर जी रांग दिसते, त्या सगळ्या कामकरी मुंग्या. राणी, अंडी, अळ्या आणि बाकीचा बराचसा गोतावळा आत घरट्यात असतो. बाहेरच्या शंभर मारल्या तर आत राणी अंडी घालतच असते. त्यात काही बारीक, फिकट पिवळसर मुंग्यांच्या जाती, उदाहरणार्थ फॅरो मुंगी, यांच्या एका घरट्यात राण्या अनेक असतात. स्प्रेचा त्रास झाला की त्यातल्या काही जणी थोड्या कामकऱ्यांना घेऊन वेगळा संसार थाटतात. म्हणजे आधी फक्त स्वयंपाकघरात होत्या, आता बाथरूममध्येही. स्प्रेचे पैसे देऊन आपणच वाटण्या करून दिल्या!

आता रांगेचं बघू. खाऊ सापडलेली मुंगी परत जाताना जमिनीवर वासाची रेघ ओढत जाते आणि बाकीच्या त्या वासावर येतात. एडवर्ड विल्सन या शास्त्रज्ञानं 1959 मध्ये आगमुंग्यांवर हे दाखवलं. मुंगीच्या पोटातली एक बारीक ग्रंथी काढून तिच्या अर्काची रेघ ओढली, तर मुंग्या त्या रेघेवरून चालू लागल्या. समोर खायला काही नसताना! म्हणून नुसत्या कोरड्या झाडूनं रांग जात नाही, वास तिथंच राहतो. तो साबणाच्या पाण्यानं पुसला की जातो. हळद टाकली, पीठ टाकलं तर रांग तेवढ्यापुरती तुटते, मग मुंग्या वळसा घालतात. खडूच्या रेघेचंही तसंच. शिवाय त्या खडूत कीटकनाशक असतं आणि लहान पोरं तो पाटीवरचा खडू समजतात. माझ्या घरात मी तो आणत नाही.

(कॅमेरा खाली, फरशीवर)

हे बघा. आपल्याकडं जुन्या घरांत ही शहाबादी फरशी. दोन फरश्यांच्या सांध्यातलं सिमेंट निघालंय आणि तिथं रव्यासारख्या मातीची ही इवलीशी ढिगुली दिसतेय. ही आतून उकरून काढलेली माती, म्हणजे घरट्याचं तोंड इथं आहे. अशी ढिगुली दिसली नाही तर रात्री जेवणं झाल्यावर मोबाईलची बॅटरी लावून रांगेजवळ बसा. तोंडात कण धरलेल्या मुंग्या ज्या दिशेला जातात, तिकडं घरटं. रिकाम्या हातानं येणाऱ्यांकडं बघू नका, त्या तुम्हाला साखरेच्या डब्यापाशी आणून सोडतील.

एवढं कळलं की त्यांना विचारायचं, काय जेवणार? एका झाकणात थेंबभर गुळाचं पाणी, दुसऱ्यात चिमूटभर शेंगदाण्याचा कूट, बिनतिखटाचा. तासाभरानं बघा गर्दी कुठं आहे ते. काहींना गोड लागतं, काहींना तेलकट, आणि तीच वसाहत ऋतूप्रमाणं आवड बदलते. "मी औषध ठेवलं पण त्यांनी हुंगलंसुद्धा नाही" असं जे सांगतात, त्यांनी बहुतेक वेळा तेलकट खाणाऱ्यांपुढं साखर ठेवलेली असते.

आता औषध. बोरिक ॲसिड. मेडिकलमध्ये बोरिक पावडर म्हणून मिळतं. कॅरमची पावडरही पुष्कळदा हीच असते, पण सगळ्या नसतात, डबीवर वाचून घ्या. प्रमाण नीट ऐका, कारण सगळा खेळ इथंच आहे. अर्धा कप, म्हणजे साधारण 100 मिली कोमट पाणी, त्यात लहान चमच्यानं दोन चमचे साखर आणि त्याच चमच्याचा सपाट पाव चमचा बोरिक. हे अंदाजे एक टक्का होतं. पूर्ण विरघळू द्या. "जरा जास्त घालू, लवकर मरतील" हा मोह आवरा. जास्त झालं तर मुंगी तोंड लावत नाही, किंवा वाटेतच मरते. आपल्याला ती धडधाकट घरी पोचायला हवी आहे. घरी गेल्यावर ती पोटातलं पाणी दुसऱ्यांच्या तोंडात भरवते, अळ्यांना भरवते, आणि ते फिरत फिरत राणीपर्यंत जातं. लग्नाच्या पंगतीत वाढपी फिरतात ना, तसं.

तेलकट आवडणाऱ्यांसाठी एक मोठा चमचा शेंगदाण्याचा मऊसूत कूट, त्यात अगदी लहान चिमूट बोरिक, नीट कालवून.

पाण्याचं औषध कापसाच्या बोळ्यावर घ्या आणि बाटलीच्या झाकणात रांगेच्या कडेला ठेवा. रांगेवर नको, कडेला. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडं पारा चाळीसच्या वर असतो, दुपारी ठेवलेला बोळा संध्याकाळी कडक भाकरी होतो. म्हणून दिवेलागणीला ठेवा, त्या गर्मीत मुंग्याही रात्रीच जास्त हिंडतात. रोज नवा बोळा.

पहिल्या रात्री झाकणाभोवती काळा गोंडा जमेल. सासूबाई ओरडतील. ओरडू द्या. तिथं फडकं लावायचं नाही, स्प्रे तर नाहीच. पुढं हळूहळू गर्दी पातळ होत जाते. काही घरांत आठवडा, काही घरांत दोन-तीन आठवडेही लागतात.

एक गोष्ट मात्र गंमतीत घेऊ नका. बोरिक पोटात गेलं तर माणसालाही विष आहे. रांगणारं बाळ किंवा मांजर-कुत्रं असेल तर झाकण फ्रिजच्या मागं, कपाटाच्या खाली, हात पोचणार नाही तिथं. वापरलेला चमचा परत स्वयंपाकात नको. आपल्याकडं नळाला दररोज पाणी येत नाही, म्हणून घरात ड्रम, पिंपं, हंडे भरलेले असतात. त्यांच्या आसपास हे झाकण अजिबात ठेवू नका, बोरिक पाण्यात सहज विरघळतं. आणि चुकून कुणाच्या पोटात गेलंच तर घरगुती उपाय करत बसू नका, डबी सोबत घेऊन थेट दवाखाना गाठा.

जाळीच्या कपाटाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायची जुनी पद्धत अजून चांगली आहे. त्यात साबणाचा थेंब टाका, म्हणजे मुंगी पाण्यावर तरंगत पलीकडं जात नाही. पण पाणी दर चार दिवसांनी बदला, नाहीतर मुंग्या थांबतील आणि डेंगीचे डास वाढतील.

स्विचबोर्डात मुंग्या शिरल्या असतील तर तिथं कसलाही फवारा मारायचा नाही. मेन बंद करा, वायरमनला बोलवा.

पहिल्या पावसात भिंतीतून पंखवाले किडे निघाले तर एक हातात घेऊन बघा. कंबर बारीक आणि मिशा कोपरासारख्या वाकलेल्या असतील तर मुंगी. कंबर जाड, मिशा सरळ, चारही पंख सारख्या लांबीचे, तर ती वाळवी. तिचं नातं झुरळांशी. बोरिकच्या या झाकणानं तिचं काही होणार नाही, त्याचा वेगळा व्हिडिओ करतो.

रांग पूर्ण बंद झाली की मगच साबणाच्या पाण्यानं वाट पुसा आणि फरशीचे सांधे व्हाइट सिमेंटनं भरून घ्या. आधी भरलेत तर त्या दुसरीकडून फोडून निघतात.

आणि इतकं करूनही हटल्या नाहीत, पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवायची वेळ आली, तर दर विचारायच्या आधी एवढं विचारा: "स्प्रे मारणार की जेल लावणार?" जेल म्हणजे औषध कालवलेलं जेवणच. नुसता स्प्रे म्हणाला तर त्याला चहा पाजा आणि दुसरा बघा.